थेंब मागे पडतो म्हणजे गळतीही मागचीच का? जुन्या गाडीतील इंजिन ऑइलची गळती शोधण्याविषयी

मूळ धागा (धागाकर्ती)

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आता १७ वर्षांची झाली असून तिचे १ लाख ६२ हजार किलोमीटर झाले आहेत. इंजिन आवाज करत नाही, सायलेन्सरमधून निळा धूर येत नाही आणि ओढही पूर्वीसारखीच आहे. मात्र गेल्या वर्षभरापासून गाडी उभी राहते तेथे जमिनीवर ऑइलचा डाग पडू लागला आहे. हा डाग इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जोडले जातात त्याच्या बरोबर खाली पडतो.

आठ महिन्यांपूर्वी मेकॅनिकच्या सांगण्यावरून ऑइल चेंबरचे (इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्याचे) पॅकिंग बदलून घेतले. त्यानंतर सुमारे दोन आठवडे जमीन कोरडी राहिली आणि मग डाग पुन्हा त्याच जागी दिसू लागला. आता त्याच गॅरेजचे म्हणणे असे आहे की क्रँकशाफ्टचे (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याचे) मागचे ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी, गेले आहे आणि ते बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. हे काम किती मोठे असते याची मला कल्पना आहे. ते करायला माझी ना नाही, परंतु एकदा चेंबर उघडून झाल्यावर पुन्हा अंदाजावर एवढे काम काढायला मन धजावत नाही. गिअरबॉक्स उतरवण्याआधी गळती नेमकी कोठून होते आहे याची खात्री करून घेण्याची काही पद्धत आहे का? ऑइल आणि फिल्टर मी स्वतः बदलते, त्यामुळे हात काळे करण्याची तयारी आहे.

प्रतिसाद १ (निवृत्त मेकॅनिक)

मी २६ वर्षे गॅरेजमध्ये काम केले आणि त्या काळात क्रँकचे मागचे सील विनाकारण बदलल्याची जितकी उदाहरणे पाहिली, तितकी दुसऱ्या कोणत्याही भागाची पाहिली नाहीत. याचे कारण आपल्या प्रश्नातच आहे. थेंब कोठे पडतो ते सर्वांना दिसते, पण तो निघाला कोठून हे दिसत नाही. ऑइल वरून खाली ओघळते, बोल्टच्या कडांवरून आणि ओतकामाच्या खाचांमधून वाट काढते, त्यातच गाडी धावत असताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो. शेवटी ते इंजिनच्या सर्वांत खालच्या टोकाशी जमा होते, आणि हे टोक बहुतेक गाड्यांमध्ये चेंबर व बेल हाउसिंग (इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधले, क्लच झाकणारे आवरण) यांच्या सांध्यापाशीच असते. त्यामुळे इंजिनच्या अगदी माथ्यावर गळती असली तरी थेंब तेथेच पडू शकतो.

म्हणून गळती शोधताना सर्वांत खालची ओली जागा पाहायची नसते, तर सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा शोधायची असते. गंमत म्हणजे जुन्या गाडीत तीच दिसत नाही, कारण सगळे इंजिनच तेल आणि धुळीच्या थराने माखलेले असते. यावर उपाय एकच आहे. आधी इंजिन पूर्ण स्वच्छ करायचे आणि मग नवे ऑइल कोठे उमटते त्याची वाट पाहायची.

स्वच्छता थंड इंजिनवरच करावी. अल्टरनेटर, इग्निशन कॉइल आणि हवा आत घेणारे तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी नीट झाकावे, डिग्रीझर (तेलकटपणा काढणारा द्रव) लावून ब्रशने घासावे आणि कमी दाबाच्या पाण्याने धुवावे. जोराच्या फवाऱ्याने पाणी कनेक्टरमध्ये आणि सीलच्या ओठांमधून आत शिरते. काही जण या कामासाठी पेट्रोल वापरतात, ते कृपा करून कधीही करू नका. गाडीखाली जायचे असेल तर ती केवळ जॅकवर ठेवून जाऊ नका, दोन्ही बाजूंना स्टँड लावूनच जा.

प्रतिसाद २

वरील सूचनेत एक छोटी भर घालतो. धुण्यापूर्वी, गळणारा द्रव खरोखर इंजिन ऑइलच आहे ना, हे तपासून पाहावे. पांढऱ्या फडक्यावर किंवा टिश्यूवर एक थेंब टिपून उजेडात पाहा. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे असते. गिअर ऑइल अधिक दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. कूलंट हिरवा, गुलाबी किंवा नारिंगी असतो आणि त्याला गोडसर वास येतो. इंजिन व गिअरबॉक्सच्या सांध्याखाली पडणारा थेंब गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधूनही आलेला असू शकतो, आणि तसे असेल तर क्रँकचे सील बदलून काहीच साध्य होणार नाही.

धागाकर्ती

आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे सुट्टीच्या दिवशी इंजिन धुऊन काढले. द्रव इंजिन ऑइलच आहे. रंग गडद तपकिरी आहे आणि त्याला उग्र वास नाही. धुतल्यानंतर गाडीखाली एक मोठा पुठ्ठा अंथरला आणि पुढच्या व मागच्या चाकांच्या जागा त्यावर पेनने आखून ठेवल्या, म्हणजे गाडी दररोज त्याच जागी उभी करता येईल.

यात एक गोष्ट अनपेक्षित आढळली. गाडी दोन दिवस जागची हलवली नाही, तेव्हा पुठ्ठा पूर्ण कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी सुमारे ३० किलोमीटर चालवून आणली, आणि अर्ध्या तासातच पुठ्ठ्यावर नाण्याएवढा डाग उमटला. तो रात्रभरात थोडा वाढला आणि सकाळी थांबला. याचा काही अर्थ लावता येतो का?

प्रतिसाद ३ (निवृत्त मेकॅनिक)

नक्कीच लावता येतो. ही नोंद ठेवलीत हे फार उत्तम केलेत, कारण गळती कोठे होते यापेक्षा ती केव्हा होते, यावरून शोधाचा आवाका पुष्कळ कमी होतो.

इंजिन बंद असताना सगळे ऑइल चेंबरमध्ये खाली उतरलेले असते. चेंबरचे पॅकिंग किंवा ड्रेन नटचा वॉशर गळत असेल, तर गाडी उभी असतानाही थेंब पडत राहायला हवेत. आपला पुठ्ठा दोन दिवस कोरडा राहिला, त्यामुळे या दोन जागांवरचा संशय बराच कमी होतो. गाडी चालवल्यावरच गळणाऱ्या जागा दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात दाबाखालच्या जागा येतात: ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची रबर रिंग, फिल्टर बसतो त्या हाउसिंगचे पॅकिंग, आणि टर्बो किंवा ऑइल कूलर असल्यास त्यांच्या नळ्या. दुसऱ्या प्रकारात दाब नसतो, पण इंजिन फिरताना ऑइल उडत राहते किंवा साचते, अशा जागा येतात: टॅपेट कव्हर (इंजिनच्या माथ्यावरचे झाकण), कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) सील आणि क्रँकची दोन्ही सील.

प्रेशर स्विच पाहताना केवळ त्याच्या आट्यांपाशी पाहून थांबू नका. त्याचे इलेक्ट्रिक कनेक्टर काढून आत पाहा. या स्विचमधला पडदा फाटला की ऑइल आट्यांतून न येता मधल्या प्लास्टिकमधून बाहेर येते आणि कनेक्टरमध्ये साचते. वरून पाहणाऱ्याला स्विच कोरडा दिसतो. आपण फिल्टर स्वतः बदलता, म्हणून एक विचारतो: मागच्या वेळी फिल्टर काढल्यावर जुनी रबर रिंग त्याच्याबरोबर निघाली होती का? ती कधी कधी ब्लॉकला चिकटून राहते आणि तिच्यावर नवी रिंग बसते. अशा दोन रिंगा एकत्र सहसा ऑइल नीट धरत नाहीत.

मागच्या सीलविषयी खात्री करण्यासाठी बेल हाउसिंगच्या खालच्या बाजूला तपासणीचे झाकण किंवा छोटे भोक आहे का ते पाहा. त्यातून बारीक कॅमेरा आत घालता येतो. सील खरोखर गळत असेल, तर हाउसिंगच्या आतली बाजू ओली असते आणि फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या मागच्या टोकावरील जड चाकाच्या) फिरण्याने ऑइलचे शिंतोडे चक्राकार उडालेले दिसतात. आत धूळ कोरडी असेल आणि फक्त बाहेरून ओघळ असतील, तर गिअरबॉक्स उतरवू नका.

प्रतिसाद ४

माझा अनुभव येथे उपयोगी पडेल असे वाटते. माझ्या गाडीचे मागचे सील एका गॅरेजमध्ये बदलले, त्याबरोबर क्लच प्लेटही नवी घातली आणि गाडी घरी आणल्यानंतर आठव्या दिवशी डाग पुन्हा तेथेच पडला. खरी गळती टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात होती. त्या बाजूला इंजिन आणि फायरवॉल (इंजिन व प्रवाशांची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत) यांच्यात हाताचा पंजाही जेमतेम शिरतो. कोणीही तेथे पाहिले नव्हते, कारण तेथे सहज पाहताच येत नाही. कॅमशाफ्टच्या टोकाशी अर्धचंद्राच्या आकाराचा एक रबरी तुकडा असतो, तो उन्हाळ्यातल्या मातीसारखा कडक होऊन आक्रसला होता आणि त्याच्या कडेने ऑइल पाझरत होते. दात तपासायचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन ती बाजू जरूर पाहा.

प्रतिसाद ५

ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग मिळतो, तो येथे वापरावा असे सुचवतो. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात तो इंजिन ऑइलमध्ये ओतायचा, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवायची आणि अंधारात अतिनील प्रकाशाच्या टॉर्चने इंजिन पाहायचे. रंग मिसळलेले ऑइल पिवळसर हिरवे चमकते. धुळीचा काळा डाग आणि ताजे ऑइल यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, तो या प्रकाशात चटकन कळतो. हा रंग फक्त इंजिन ऑइलमध्ये असल्यामुळे दुसऱ्या द्रवांशी गल्लत होण्याची शक्यता कमी होते, मात्र काही कूलंटही या प्रकाशात चमकतात. फक्त ओतताना तो इंजिनच्या बाहेर सांडू देऊ नका, नाहीतर सांडलेलाच डाग गळती म्हणून दिसेल.

रंग मिळाला नाही, तर स्वच्छ व कोरड्या केलेल्या संशयित जागेवर टाल्कम पावडरचा हलका थर देणे ही जुनी आणि विश्वासार्ह युक्ती आहे. पांढऱ्या थरात ऑइलचा ओघळ रेघ मारल्यासारखा दिसतो. बेल्ट आणि पुलीजवळ मात्र पावडर टाकू नये.

प्रतिसाद ६

एवढा शोध घेण्याऐवजी गळती थांबवणारे जे द्रव बाजारात मिळतात, ते ऑइलमध्ये घालून पाहायला काय हरकत आहे? जुन्या गाडीसाठी तो सोपा मार्ग वाटतो.

प्रतिसाद ७ (निवृत्त मेकॅनिक)

हरकत आहे असे मी सरसकट म्हणणार नाही, पण ते द्रव काय करतात हे समजून घ्यायला हवे. त्यांतले बहुतेक द्रव कडक झालेल्या रबराला मऊ करून थोडे फुगवतात. शाफ्टवरच्या सीलचा ओठ नुसता आक्रसला असेल, तर काही काळ फरक पडू शकतो. पण दबून चपटे झालेले पॅकिंग, फाटलेला पडदा, सैल बोल्ट किंवा शाफ्टवर पडलेली चर यांवर त्यांचा इलाज चालत नाही. शिवाय गळतीची जागा माहीत नसताना ते घातले आणि थेंब कमी झाले, तर नेमका शोध अधिकच अवघड होतो. म्हणून आधी निदान व्हावे आणि उपाय नंतर, असे माझे आग्रहाचे मत आहे.

आणखी एक तपासणी राहिली, आणि ती खरे तर मी आधीच सांगायला हवी होती. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या पोकळीत) उतरतो. तो ब्रीदरच्या नळीतून आणि पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतून) पुन्हा इंजिनच्या हवेच्या मार्गात ओढला जातो. ही वाट काजळीने तुंबली की आत दाब साचतो, आणि मग तो दाब जेथे सर्वांत दुबळे पॅकिंग किंवा सील असेल तेथून ऑइल बाहेर ढकलतो. अशा गाडीत एक जागा बंद केली की काही दिवसांनी दुसरी गळू लागते.

याची साधी परीक्षा अशी आहे. गरम इंजिन जागेवर संथ चालू ठेवा, ऑइल भरायचे झाकण काढा आणि त्या तोंडावर एक पातळ कागद ठेवा. कागद तोंडाला हलका ओढला गेला किंवा जागच्या जागी फडफडला तर ठीक. तो सतत वर उचलला जात असेल, तर वाट तुंबलेली आहे किंवा पिस्टन रिंगा झिजलेल्या आहेत. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवून पाहा. आतला भाग मोकळा असेल तर खुळखुळ ऐकू येते.

धागाकर्ती

सर्वांच्या सूचनांप्रमाणे तपासणी केली, ती क्रमाने सांगते. फिल्टरला एकच रिंग आहे आणि प्रेशर स्विचचे कनेक्टर आतून कोरडे आहे. बेल हाउसिंगच्या खालचे झाकण काढून कॅमेरा घातला. आत क्लचची करडी, कोरडी भुकटी दिसली, ऑइल कोठेही नव्हते.

त्यानंतर रंग घालून गाडी चालवली आणि रात्री अतिनील टॉर्च घेऊन पाहिले. पुढून आणि वरून पाहताना काहीच चमकले नाही. मग छोटा आरसा फायरवॉलच्या बाजूला धरला, आणि टॅपेट कव्हरच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातून एक बारीक हिरवी रेघ निघालेली दिसली. ती हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) कडेवरून खाली उतरते, ब्लॉकवरच्या एका उभ्या खाचेतून सरळ वाट काढते आणि बेल हाउसिंगच्या वरच्या बोल्टपाशी दोन फाटे फुटून दोन्ही बाजूंनी खाली जाते. तळाच्या बोल्टच्या टोकावर एक थेंब लोंबत होता. मी पाहत असतानाच तो पुठ्ठ्यावर पडला.

कागदाची परीक्षाही केली. कागद तोंडावर ठेवताच वर उचलला गेला. व्हॉल्व्ह काढून हलवला तर त्यातून आवाजच आला नाही, आणि ब्रीदरच्या नळीत काळा, मेणासारखा घट्ट थर बसला होता. आता कव्हरचे पॅकिंग स्वतः बदलावे असे ठरवले आहे. काय काळजी घ्यावी?

प्रतिसाद ८ (निवृत्त मेकॅनिक)

गिअरबॉक्स वाचला, याचा मला मनापासून आनंद झाला. आता काम नीट होऊ द्या.

पीसीव्ही व्हॉल्व्ह नवा घाला आणि ब्रीदरची नळी साफ करा. ती तडकली असेल तर तीही बदला. हे न करता फक्त पॅकिंग बदलले, तर नव्या पॅकिंगवरही तोच दाब येईल. इंजिन थंड असताना कव्हरच्या आजूबाजूची धूळ आधी साफ करा, म्हणजे उघडल्यावर कॅमवर माती पडणार नाही. जुन्या पॅकिंगचे अवशेष प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. ॲल्युमिनियमवर लोखंडी पाते चालवले तर ओरखडा पडतो आणि तो ओरखडाच पुढची गळती होतो. कव्हर पत्र्याचे असेल, तर बोल्टच्या भोकांपाशी ते आत दबले आहे का, हे सरळ पट्टी ठेवून पाहा. स्पार्क प्लगच्या विहिरींची सील आणि अर्धचंद्राकार रबर असतील, तर तीही याच वेळी बदला.

सिलिकॉन सीलंट सगळीकडे फासू नका. कॅमचे बेअरिंग कॅप हेडला मिळतात त्या कोपऱ्यांवर, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दाखवले असेल तेवढाच बारीक ठिपका पुरतो. जास्त सीलंट आतल्या बाजूला निघते, तुटून चेंबरमध्ये पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकू शकते. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळा. टॅपेट कव्हरच्या छोट्या बोल्टना पुष्कळ गाड्यांत साधारण १० न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क लागतो, पण आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच प्रमाण माना आणि टॉर्क रेंच वापरा. गळते म्हणून जोरात आवळणे हेच पॅकिंग फाटण्याचे आणि आटे जाण्याचे मोठे कारण आहे.

प्रतिसाद ९

एक शंका विचारतो. थेंब थोडेच असतील, तर केवळ ऑइल भरत राहून गाडी चालवली तर चालते का?

प्रतिसाद १० (निवृत्त मेकॅनिक)

ते थेंब कोठे पडतात यावर अवलंबून आहे. प्रमाणाचा अंदाज घ्यायचा तर साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते. मिनिटाला एक थेंब पडत राहिला, तर दिवसाला १,४४० थेंब, म्हणजे सुमारे ७२ मिलिलिटर ऑइल जाते. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधले अंतर बऱ्याच गाड्यांत सुमारे १ लिटरचे असते, म्हणजे दोन आठवड्यांत पातळी वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर येईल. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी दर आठवड्याला पातळी पाहत असाल, तर एवढ्याने इंजिनला धोका नाही.

तीन जागी मात्र एक थेंबही चालवून घेऊ नये. ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळ्यांवर) पडत असेल तर जळका वास येतो, धूर येतो आणि आग लागू शकते. ते टायमिंग बेल्टवर (क्रँक आणि कॅमशाफ्ट यांना जोडणाऱ्या दातेरी पट्ट्यावर) जात असेल तर बेल्टचे रबर खराब होऊन तो दात सोडतो किंवा तुटतो, आणि बऱ्याच इंजिनांत त्यानंतर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. क्लच प्लेटवर गेले तर क्लच घसरू लागतो. या तिन्हींपैकी काही असेल, तर ती गाडी दुरुस्तीशिवाय चालवू नये.

धागाकर्ती

पॅकिंग, अर्धचंद्राकार रबर आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलून तीन आठवडे झाले. जुने पॅकिंग हातात घेऊन वाकवले तर ते कोळशाच्या कांडीसारखे कट्‌कन मोडले. आता कागद तोंडावर ठेवला की हलका चिकटून राहतो. त्यानंतर गाडी सुमारे ९०० किलोमीटर चालली आणि मागच्या सांध्याखालचा पुठ्ठा कोरडा आहे.

मात्र काल पुढच्या बाजूला, क्रँकच्या पुलीजवळ, थोडा ओलावा दिसला. आधी फक्त मागेच लक्ष असल्यामुळे तो पूर्वी होता की नाही, हे सांगता येत नाही. क्रँकचे पुढचे सील असेल का?

प्रतिसाद ११ (निवृत्त मेकॅनिक)

असू शकते, आणि आपल्या गाडीला टायमिंग बेल्ट असेल तर थांबू नका. वरचे कव्हर उघडून बेल्ट कोरडा आहे का ते आजच पाहा. पण त्याआधी रात्री अतिनील टॉर्च त्या जागेवर मारा. आपल्या ऑइलमध्ये रंग अजून आहे, त्यामुळे इंजिन ऑइल असेल तर ते चमकलेच पाहिजे.

धागाकर्ती

बेल्ट कोरडा आहे. टॉर्च मारल्यावर ती ओली जागा अजिबात चमकली नाही, आणि पांढऱ्या फडक्यावर डाग लालसर उमटला. पॉवर स्टिअरिंगच्या परतीच्या नळीची क्लिप सैल झाली होती आणि नळीच्या टोकाला बारीक चीर होती. नळी आणि क्लिप दोन्ही बदलल्या, टाकीतली पातळी पूर्ण केली आणि पुठ्ठा आता पुलीच्या खाली सरकवून ठेवला आहे.